फलंदाजीच्या तंत्राचा इतिहास : सॉफ्टबॉलची कमान आणि मोहालीची खेळपट्टी

१. प्रस्तावना

'तंत्र सुधारा' हे वाक्य तुम्ही मैदानावर अनेकदा ऐकले असेल. कोपर वर ठेव, डोके हलवू नकोस, बॅट सरळ आण, अशा सूचना प्रशिक्षक देतात आणि खेळाडू मुकाट्याने पाळतात. या सूचना कोठून आल्या, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. त्या निसर्गनियमासारख्या कायमच्या आहेत, असे आपण धरून चालतो. या पाठात आपण हे गृहीतक तपासणार आहोत.

पाठाचा मुख्य मुद्दा असा : फलंदाजीचे तंत्र हे एका प्रश्नाचे उत्तर असते. चेंडू कसा येतो, नियम काय सांगतात, हातात कोणते साधन आहे आणि मैदान कसे आहे, या चार गोष्टी मिळून तो प्रश्न तयार होतो. चारांपैकी एक जरी बदलली, तरी प्रश्न बदलतो आणि कालचे 'बरोबर' तंत्र आज चुकीचे ठरू शकते. म्हणून तंत्राला इतिहास असतो.

हा मुद्दा समजून घेण्यासाठी आपण दोन खेळ शेजारी ठेवू. पहिला स्लो पिच सॉफ्टबॉल. यात चेंडू कमान घेत संथपणे येतो. दुसरा क्रिकेट. त्यासाठी आपण पंजाबातील मोहालीच्या मैदानावर जाऊ, कारण तेथे मुंबईच्या दोन फलंदाजांनी खेळलेले तीन डाव आपल्या विषयावर चांगला प्रकाश टाकतात.

२. स्लो पिचचा जन्म

सॉफ्टबॉलची सुरुवात १८८७ साली शिकागो येथे झाली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण जमले होते. कोणीतरी मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक याने त्यातून बंद सभागृहात खेळायचा बेसबॉल तयार केला. १८९५ मध्ये मिनिआपोलिस येथील अग्निशामक दलातील लुईस रोबर याने जवानांच्या व्यायामासाठी असाच एक खेळ मोकळ्या जागेत सुरू केला. 'सॉफ्टबॉल' हे नाव बरेच नंतर, १९२६ मध्ये वॉल्टर हॅकनसन याने सुचवले.

या आरंभातच खेळाचे स्वरूप दिसते. जागा कमी आहे, खेळणारे हौशी आहेत, म्हणून चेंडू मोठा आणि मऊ आहे. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी मोठी स्पर्धा झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे एक अडचण उभी राहिली. हात खालून फिरवून वेगात चेंडू टाकणारे पिचर इतके तयार झाले की फलंदाजांना चेंडू लागेनासा झाला. पिचर आणि कॅचर या दोघांतच सामना संपू लागला आणि बाकीचे खेळाडू नुसते उभे राहू लागले. हौशी माणसाला अशा खेळात काय गोडी?

त्यावर तोडगा म्हणून संथ चेंडूचा प्रकार वाढला. अमेरिकेतील संघटनेने १९५३ पासून स्लो पिचची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. या प्रकारात पिचरने चेंडू वर उंचावून टाकायचा असतो. कमानीची उंची किती असावी हे संघटनेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलत आले आहे. जमिनीपासून किमान ६ फूट आणि कमाल १२ फूट ही त्यातील एक प्रसिद्ध मर्यादा. क्षेत्ररक्षणाला नऊऐवजी दहा खेळाडू असतात, कारण चेंडू सतत खेळला जाणार हे गृहीत असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पिचरचा वेग नियमाने काढून घेतला, म्हणजे फलंदाजी सोपी झाली असे वाटेल. प्रत्यक्षात प्रश्न बदलला. पूर्वी प्रश्न होता, 'वेळेत पोहोचता येईल का?' आता प्रश्न झाला, 'वेळ येईपर्यंत थांबता येईल का?'

३. कमानीचे गणित आणि स्विंगची सुधारणा

हे थोड्या हिशेबाने पाहू. स्लो पिचमध्ये पिचर आणि प्लेट यांच्यातील अंतर सामान्यतः ५० फूट असते. हवेचा विरोध सोडून देऊ. चेंडू अडीच फुटांवरून सुटला, १२ फुटांपर्यंत चढला आणि फलंदाजाने तो ३ फुटांवर खेळला असे धरू. वर जायला आणि खाली यायला मिळून सुमारे दीड सेकंद लागतो आणि शेवटी चेंडू जमिनीशी सुमारे ३६ अंशांचा कोन करून खाली येत असतो. कमान केवळ ६ फुटांची असेल, तर हा वेळ सुमारे ०.९ सेकंद आणि कोन १५ अंशांच्या आसपास येतो. बारावीचे पदार्थविज्ञान आठवून तुम्ही हा हिशेब स्वतः करून पाहा.

आता क्रिकेटशी तुलना करा. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. स्लो पिचच्या फलंदाजाला त्याच्या दुप्पट ते तिप्पट वेळ मिळतो. तरीही नवशिका खेळाडू चेंडूच्या वरच्या भागाला बॅट लावून तो जमिनीवर आपटतो किंवा खालच्या कडेने उंच उडवून झेल देतो. याची कारणे दोन.

पहिले कारण घाई. चेंडू हवेत असतानाच शरीर पुढे झुकते, वजन पुढच्या पायावर जाते आणि चेंडू येईपर्यंत ताकद संपलेली असते. उरतात फक्त हात. ताकदीचा क्रम खालून वर असा असतो. मागच्या पायाने जमीन दाबायची, मग कंबर फिरते, मागोमाग धड, मग खांदे, मग हात आणि शेवटी बॅट. चाबकाच्या मुठीकडून टोकाकडे वेग वाढत जावा तसा हा वेग वाढतो. मधली एक कडी आधीच सुटली, तर पुढच्या कडीला काही मिळत नाही. म्हणून स्लो पिचमधील पहिली सुधारणा म्हणजे वजन मागे ठेवून थांबणे, पुढचे पाऊल छोटे टाकणे आणि डोके स्थिर ठेवणे.

दुसरे कारण बॅटची वाट. चेंडू वरून खाली येतो. बॅटही वरून खाली आली, तर दोघांच्या वाटा एका बिंदूपाशीच छेदतात आणि क्षणभराची चूकही महागात पडते. बॅट किंचित खालून वर आली, तर ती चेंडूच्या वाटेला समांतर धावते आणि गाठ पडण्याची जागा लांबते. बेसबॉलचा प्रसिद्ध फलंदाज टेड विल्यम्स याने १९७० च्या सुमारास आलेल्या आपल्या पुस्तकात हेच मांडले. पिचर उंचवट्यावरून टाकतो, त्यामुळे चेंडू उतरत येतो, म्हणून स्विंग थोडा चढता हवा, असे त्याचे म्हणणे होते. १९४१ च्या हंगामात .४०६ ची सरासरी काढलेल्या माणसाचे हे मत असूनही, बॅट खाली आणा असे सांगणारे प्रशिक्षक पुढेही कित्येक वर्षे होते. बेसबॉलपेक्षा स्लो पिचमध्ये चेंडू बराच तिरपा उतरतो, म्हणून विल्यम्सचे म्हणणे येथे अधिकच लागू पडते.

आपल्याकडे याच्या जवळचा खेळ आहे तो विटी-दांडूचा. विटी दांडूने उडवायची, ती वर जाऊन खाली येऊ लागली की टोला मारायचा. जो मुलगा विटी चढत असतानाच दांडू फिरवतो, त्याचा दांडू हवेत फिरतो. गल्लीत हे कोणी समजावून सांगत नाही, चार वेळा हसे झाले की आपोआप कळते. स्लो पिचचा फलंदाज काही वेगळे करत नसतो.

४. सरळ बॅट : क्रिकेटचे उत्तर

भारतात वाढलेल्या बहुतेक मुलांच्या हातात पहिली बॅट क्रिकेटची येते. शाळा-महाविद्यालयात सॉफ्टबॉलकडे वळलेला मुलगा किंवा मुलगी क्रिकेटच्या सवयी सोबत घेऊन येते. त्या सवयींना 'चूक' म्हणण्याआधी त्या कशाचे उत्तर होत्या हे पाहू.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्रिकेटचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला जाई आणि बॅट हॉकीच्या काठीसारखी वाकडी असे. चेंडू हवेतून टप्प्यावर टाकायला सुरुवात झाली तेव्हा बॅट सरळ झाली. १७७१ मध्ये एका फलंदाजाने जवळजवळ यष्ट्यांइतकी रुंद बॅट आणली, त्यानंतर बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. ती आजही तीच आहे. पुढे १८३५ मध्ये खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेऊन आणि १८६४ मध्ये खांद्यावरून हात आणून चेंडू टाकण्यास मान्यता मिळाली. चेंडू उंच उसळू लागला.

आता फलंदाजाची खरी अडचण बघा. टप्पा पडल्यावर चेंडू किती उसळेल याची खात्री नसते आणि मागे तीन यष्ट्या उभ्या असतात. बॅट उभी धरली, तर तिची लांबी उंचीतील चूक सांभाळून घेते. आडवी धरली, तर ती दिशेतील चूक सांभाळते, पण उंचीतील नाही. न झाकलेल्या, खडबडीत खेळपट्टीवर उंचीची चूक अधिक होणार, म्हणून उभी बॅट. 'सरळ बॅटने खेळा' हा उपदेश पुढे शिस्तीचा आणि सभ्यतेचा भाग बनला. मुळात तो खराब खेळपट्टीवर टिकून राहण्याचा उपाय होता.

नियमांचाही यात वाटा आहे. क्रिकेटमध्ये चेंडू टोलवला तरी धावलेच पाहिजे असे नाही. मैदान फलंदाजाच्या चारही बाजूंना असते. सॉफ्टबॉलमध्ये रक्षण करण्यासाठी यष्ट्या नाहीत, चेंडू समोरच्या ९० अंशांच्या पट्ट्यातच गेला पाहिजे आणि तो तसा गेला की धावावेच लागते. पहिल्या खेळात टिकण्याला किंमत आहे, दुसऱ्यात टोल्याला. एकाचे तंत्र दुसऱ्याला लावून 'हे अशास्त्रीय' म्हणणे म्हणजे पोहणाऱ्याच्या हातवाऱ्यांना धावपटूच्या मापाने मोजणे होय.

सरळ बॅटचा उपदेश सर्वांनी सारखाच पाळला असेही नाही. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी १५३ धावा केल्या, त्यांत ११ षटकार होते. त्याच दौऱ्यात पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनी त्याच संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. चेंडू हवेतून मारणे हा केवळ आपल्या काळाचा शोध आहे असे समजणाऱ्यांनी नायडूंचा हा डाव लक्षात ठेवावा.

५. काय बदलायचे आणि काय ठेवायचे

तंत्र सुधारण्याचा इतिहास लिहिताना एक प्रश्न वारंवार पुढे येतो. खेळाडूच्या अंगवळणी पडलेली वेगळी सवय मोडायची की राहू द्यायची?

तीन उदाहरणे पाहू. रणजितसिंहजी केंब्रिजला शिकत असताना त्यांचा उजवा पाय वेगवान चेंडूपासून मागे सरकत असे. तो सरकू नये म्हणून सरावात पाय जमिनीशी जखडून ठेवला गेला, असे सांगितले जाते. पाय हलेना, तेव्हा त्यांनी मनगटाने चेंडू लेग साइडला वळवायला सुरुवात केली आणि लेग ग्लान्स हा फटका त्यांच्या नावाशी जोडला गेला. दोष घालवण्यासाठी केलेल्या उपायातून नवाच फटका रुजला.

दुसरे उदाहरण सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांचे. त्यांची उभे राहण्याची ढब पुस्तकी नव्हती. ऑस्ट्रेलियाचा लेग स्पिनर क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. ग्रिमेटने त्यांची ढब बदलली नाही. त्याच ढबीने हजारे यांनी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५. समोर ब्रॅडमनचा संघ होता.

तिसरे उदाहरण सचिन तेंडुलकरचे. लहानपणी मोठ्या भावाची बॅट घेऊन खेळल्यामुळे तो बॅट दांड्याच्या खालच्या बाजूला धरत असे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी ही पकड बदलून पाहिली, पण त्याला ती सोयीची वाटेना आणि तो मूळच्या पकडीवर परतला. त्याच सरांनी दुसरी एक गोष्ट मात्र कटाक्षाने घोटवून घेतली. दमलेल्या सचिनच्या यष्टीवर ते एक रुपयाचे नाणे ठेवत. बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते नाणे मिळे, बाद न होता सराव संपला तर सचिनला. पकड त्याची, पण विकेटची किंमत सरांनी शिकवलेली.

मुंबईच्या मैदानांनीही फलंदाजांना घडवले. १९४८ पासून पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगमध्ये खेळपट्ट्या ओल्या असतात आणि गवत वाढलेले असते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो, म्हणून उशिरा खेळावे लागते. गवतातून चेंडू जात नाही, म्हणून प्रसंगी तो उचलून मारावा लागतो. हे कोणत्या पुस्तकातून येत नाही, जमिनीतून येते.

या उदाहरणांतून एक नियम निघतो. चेंडूच्या प्रश्नाला जी सवय उत्तर देते ती कितीही वेगळी दिसली तरी ठेवावी. जी देत नाही ती कितीही देखणी असली तरी बदलावी.

६. मोहालीतील तीन डाव

आता मोहालीकडे येऊ. चंदीगडला लागून असलेल्या या शहरात पंजाब क्रिकेट संघटनेचे मैदान १९९३ मध्ये उभे राहिले. त्या वर्षी २२ नोव्हेंबर रोजी हिरो कपमधील भारत-दक्षिण आफ्रिका हा पहिला एकदिवसीय सामना येथे झाला आणि डिसेंबर १९९४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. वेगवान गोलंदाजांना साथ देणारी, उसळी असलेली खेळपट्टी अशी तिची सुरुवातीपासून ख्याती होती.

पहिला डाव १७ ऑक्टोबर २००८ चा. समोर ऑस्ट्रेलिया. ब्रायन लाराच्या ११,९५३ कसोटी धावांचा विक्रम मोडण्यासाठी तेंडुलकरला १५ धावा हव्या होत्या. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या पीटर सिडलचा चेंडू त्याने थर्ड मॅनच्या दिशेने ढकलला, तीन धावा निघाल्या आणि विक्रम मोडला. त्याच डावात १२,००० धावा पूर्ण करून तो ८८ वर बाद झाला. विक्रमाचा फटका कोणता होता हे पुन्हा वाचा. बॅटचा चेहरा किंचित उघडा ठेवून, गोलंदाजाचाच वेग वापरून, चेंडू यष्टीमागे वळवणे. यात ताकद जवळजवळ नाहीच. सॉफ्टबॉलमध्ये हाच फटका फाऊल ठरला असता. क्रिकेटच्या नियमांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे खास क्रिकेटी उत्तर होते.

दुसरा डाव ३० मार्च २०११ चा, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातील. पाकिस्तानविरुद्ध तेंडुलकरने ८५ धावा केल्या, भारत २९ धावांनी जिंकला आणि सामनावीर तोच ठरला. पण त्या डावात त्याचे चार झेल सुटले होते आणि पंचांनी पायचीत दिलेला एक निर्णय तपासणीनंतर फिरवला गेला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध व्हावे. धावफलक म्हणजे साधन आहे, निवाडा नव्हे. ८५ हा आकडा पाहून त्या दिवशीचे तंत्र निर्दोष होते असा निष्कर्ष काढता येत नाही. उलट, ते सदोष होते म्हणून डाव निरुपयोगी होता असेही म्हणता येत नाही, कारण त्याच धावांनी सामना जिंकून दिला. तंत्र आणि फळ यांचे नाते सरळ नसते. सुटलेल्या झेलाची नोंद धावफलकात होत नाही. ती शोधावी लागते.

तिसरा डाव १३ डिसेंबर २०१७ चा. श्रीलंकेविरुद्ध रोहित शर्माने १५३ चेंडूंत नाबाद २०८ धावा केल्या, १३ चौकार आणि १२ षटकार. एकदिवसीय सामन्यांतील हे त्याचे तिसरे द्विशतक. नागपुरात जन्मलेला आणि बोरिवलीत वाढलेला हा फलंदाज पहिल्या शंभर धावांपर्यंत पोहोचायला ११५ चेंडू खेळला. पुढच्या शंभर धावांना त्याला ३६ चेंडू पुरले. खेळाडू तोच, बॅट तीच, खेळपट्टी तीच. मग बदलले काय? सुरुवातीला विकेटची किंमत जास्त होती, शेवटी उरलेल्या चेंडूंची. प्रश्न बदलला तसे उत्तर बदलले आणि एकाच डावात आपल्याला दोन तंत्रे दिसली. आणखी एक तपशील नोंदवून ठेवा. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून बॅटची कड ४० मिलिमीटर आणि जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, असा नियम लागू झाला होता. म्हणजे हे षटकार बॅटच्या जाडीवर बंधन आल्यानंतरचे आहेत.

७. दोन खेळांची गाठ

रोहितच्या त्या शेवटच्या ३६ चेंडूंकडे सॉफ्टबॉलच्या नजरेने पाहा. वीस षटकांच्या सामन्यात १२० चेंडू आणि दहा विकेट असतात, म्हणजे एका विकेटच्या वाट्याला सरासरी बाराच चेंडू. कसोटीत विकेट दुर्मीळ असते, येथे चेंडू दुर्मीळ असतो. टिकण्याची किंमत घसरली आणि टोल्याची वाढली. क्रिकेटने स्वतःचे नियम बदलून सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या जवळचा प्रश्न स्वतःलाच विचारला.

मग उत्तरेही तिकडूनच येऊ लागली. ज्युलियन वुड हा इंग्लिश प्रशिक्षक बेसबॉलमधील टोलेबाजीचा अभ्यास करून क्रिकेटपटूंना शिकवणारा म्हणून ओळखला जातो. मोहाली हे ज्यांचे घरचे मैदान होते त्या पंजाब किंग्जने २०२२ च्या हंगामासाठी त्याला फलंदाजी सल्लागार म्हणून घेतले. त्या वर्षी आयपीएलचे साखळी सामने मोहालीत झाले नाहीत. ते सगळे मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याजवळील मैदानांवर झाले. ३ मे रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पंजाबच्या लियाम लिव्हिंगस्टनने मोहम्मद शमीला मारलेला षटकार ११७ मीटर लांब मोजला गेला. उभ्या बॅटची शाळा म्हणून नाव असलेल्या मुंबईच्या अंगणात, बेसबॉलकडून धडे घेणारा पंजाबचा संघ खेळत होता.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईत भरलेल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मान्यता मिळाली. त्यात वीस षटकांचे क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे दोन्ही आहेत. ऑलिम्पिकमधील सॉफ्टबॉल वेगवान चेंडूचा असतो, स्लो पिचचा नव्हे. हा फरक विसरू नका. तरी एकाच स्पर्धेत बॅटचे दोन वंश शेजारी उभे राहणार आहेत, ही घटना आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे.

८. समारोप

तुमच्या महाविद्यालयात सॉफ्टबॉलचा संघ असेल. त्यात एखादी खेळाडू अशी असेल की जिची बॅट उभी येते, पुढचा पाय लांब पडतो आणि चेंडू पिचरच्या पायाशी घरंगळतो. तिला 'तुला जमत नाही' असे सांगितले, तर एक खेळाडू कमी होईल. तिचे हात बरोबरच शिकले आहेत, पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिकले आहेत. तिला आधी कमान दाखवा. चेंडू कोठून उतरतो, कोणत्या कोनात उतरतो, तिच्याजवळ किती वेळ आहे हे पाहू द्या. स्टँडवर ठेवलेल्या स्थिर चेंडूवर कंबर आधी आणि हात नंतर हा क्रम बसवून घ्या. मग संथ चेंडूवर फक्त थांबण्याचा सराव करून घ्या. आणि तिच्या क्रिकेटी सवयींपैकी स्थिर डोके आणि शेवटपर्यंत चेंडूवर नजर या दोन गोष्टींना हात लावू नका, कारण त्या दोन्ही खेळांत सारख्याच उपयोगी आहेत.

इतिहासाच्या अभ्यासाचा उपयोग येथे होतो. 'असेच करायचे असते' या वाक्यामागे कोणती खेळपट्टी, कोणता नियम आणि कोणते साधन होते हे विचारण्याची सवय लागली, की आपण परंपरेला आंधळेपणाने चिकटत नाही आणि आंधळेपणाने फेकूनही देत नाही. आचरेकर सरांनी एका मुलाची पकड राहू दिली आणि यष्टीवर नाणे मात्र ठेवले. हा विवेक केवळ खेळापुरता नाही.

विचारासाठी प्रश्न

१. कमान ९ फूट उंच असेल, तर चेंडूला लागणारा वेळ आणि उतरण्याचा कोन किती? भाग ३ मधील गृहीतके वापरून उत्तर काढा.

२. 'उभी बॅट उंचीतील चूक सांभाळते, आडवी बॅट दिशेतील.' हे विधान आकृती काढून स्पष्ट करा.

३. मोहालीतील २००८ आणि २०१७ च्या डावांची तुलना करा. दोन्ही वेळा फलंदाजापुढचा 'प्रश्न' काय होता?

४. तुमच्या गावातील किंवा भागातील चेंडू-फळीचा किंवा विटी-दांडूसारखा एखादा खेळ निवडा. त्याचे नियम घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा आणि त्या नियमांमुळे टोला मारण्याची पद्धत कशी ठरते ते दाखवा.